पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर आणि लिम्फ नोड्स: सारखे विचारले जाणारे प्रश्न

पिशवीचं, म्हणजे गर्भाशयाचं, ऑपरेशन ठरलं की घरच्यांचे मेसेज सुरू होतात, बहुतेक रात्री अकरानंतर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नोड्सबद्दल असतात. मी ही ऑपरेशन्स करते, त्यामुळे तेच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून माझ्याकडे येत राहतात. ते इथे एकत्र केलेत. हे सगळं सुरुवातीच्या स्टेजबद्दल आहे, म्हणजे स्कॅनमध्ये कॅन्सर पिशवीतच दिसतोय अशांसाठी. रिपोर्ट ज्यांच्या हातात आहे त्या तुमच्या डॉक्टरांचा शब्द याच्या वर.

१. डॉक्टर म्हणाले "पिशवीबरोबर गाठी पण काढू". म्हणजे आईच्या पोटात अजून गाठी आहेत का? पसरलाय का?

नाही हो, त्याचा अर्थ तसा होत नाही. आपण ट्यूमरलाही गाठ म्हणतो आणि लिम्फ नोडलाही गाठच म्हणतो, तिथे सगळा घोटाळा होतो. लिम्फ नोड प्रत्येकाच्या अंगात असतात, शेकडो असतात, घसा दुखला की जबड्याखाली हाताला लागतात ना तेच. डॉक्टरांना म्हणायचं असतं "तपासायला काढू", पण गडबडीत "तपासायला" हा शब्द राहून जातो आणि घरी रडारड होते. म्हणून मी इथून पुढे गाठ हा शब्दच वापरत नाही, नोड म्हणते.

२. पण पिशवीच्या कॅन्सरचा नोडशी संबंध काय?

अंगातल्या पेशींमधून पाण्यासारखा एक द्रव सतत झिरपत असतो, त्याला लसीका म्हणतात, आणि तो बारीक नळ्यांमधून परत रक्तात जातो. वाटेत नोड्स बसलेले असतात, गाळणीसारखे. कॅन्सरची पेशी पिशवीच्या भिंतीतून या नळीत शिरली तर ती पहिल्यांदा कुठल्या तरी नोडमध्ये अडकते. पिशवीतून निघणाऱ्या मोठ्या वाटा दोन. एक ओटीपोटात दोन्ही बाजूंना, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेने. दुसरी बीजांडकोशाच्या रक्तवाहिनीबरोबर सरळ वर, किडनीच्या जवळ, महाधमनीच्या कडेला.

नोडमध्ये काही नाही आणि कॅन्सर पिशवीतच आहे तर स्टेज १, पिशवीच्या तोंडाच्या आतल्या भागात उतरला तर स्टेज २, ओटीपोटातल्या नोडमध्ये सापडला तर ३ सी १, वरच्या महाधमनीजवळच्या नोडमध्ये सापडला तर ३ सी २. ऑपरेशनमध्ये जे सापडेल त्यावरून स्टेज ठरवायची ही पद्धत फिगो या संस्थेने १९८८ साली आणली. २०२३ च्या नव्या पद्धतीत ट्यूमरचा प्रकार, रक्तवाहिन्यांतला शिरकाव आणि जीन टेस्ट पण धरतात, त्यामुळे जुना रिपोर्ट आणि नवा रिपोर्ट यात स्टेज वेगळी दिसली तर घाबरू नका, आधी कुठली पद्धत वापरलीय ते विचारा.

३. हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सरच ना? ज्याची लस असते तो?

नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा, तो बहुतेक वेळा एचपीव्ही व्हायरसमुळे होतो आणि लस त्यासाठी आहे. आपण बोलतोय ते पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल, जो बहुतेक जणींना पाळी गेल्यानंतर परत अंगावरून लाल जायला लागल्यामुळे लवकर कळतो. त्या कॅन्सरचे नोडचे नियम इथे लावू नका.

४. एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला, दोन्हीत नोड क्लियर. मग परत काढायचे कशाला?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. स्कॅन मोठेपणा बघतो. साधारण एक सेंटीमीटरपेक्षा जाड नोड दिसला की रेडिओलॉजिस्टला शंका येते. पण कॅन्सरच्या पेशींचा पुंजका दीड मिलीमीटरचा असेल तर तो नोड आकाराने अगदी नॉर्मल दिसतो आणि पेटमध्ये चमकतही नाही. उलटही होतं, साध्या सुजेने नोड मोठा होतो, चमकतो आणि काढल्यावर त्यात काहीच निघत नाही. म्हणून स्कॅनमध्ये क्लियर याचा अर्थ "मोठं काही नाही" एवढाच घ्यायचा. एमआरआयचा खरा उपयोग कॅन्सर भिंतीत किती खोल गेलाय हे कळायला, आणि त्यावरून नोडमध्ये असण्याची शक्यता किती हा अंदाज लागतो.

तो अंदाज कसा लागतो ते एका जुन्या अभ्यासावरून सांगते. १९८७ मध्ये अमेरिकेत ६२१ जणींचा अभ्यास छापून आला, सगळ्यांचा कॅन्सर वरवर पाहता पिशवीपुरताच होता. त्यात ओटीपोटातले नोड ९ टक्के जणींमध्ये पॉझिटिव्ह निघाले. ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्याचा १ ते ३ आकडा) १ असेल तर ३ टक्के, ग्रेड ३ असेल तर १८ टक्के, आणि भिंतीच्या सगळ्यात बाहेरच्या तिसऱ्या भागापर्यंत गेलेला असेल तर २५ टक्के. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावता येत नाही.

५. सगळे नोड काढून टाकले की कॅन्सर परत येणार नाही ना? मग सगळेच काढा की!

या एका प्रश्नाचं उत्तर नीट वाचा, बाकीचं सगळं यावर उभं आहे.

नोड काढणं हा उपचार कमी आणि तपासणी जास्त आहे. पुढे काही द्यायचं का, किरणं द्यायची का, केमो द्यायचा का, हे ठरवायला माहिती लागते आणि ती माहिती नोडमध्ये असते. निरोगी नोड भरभरून काढले म्हणून आयुष्य वाढतं असं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. इटलीतल्या चाचणीत (२००८) ५१४ जणी होत्या. ज्यांचे नोड काढले त्यांच्यात १३ टक्क्यांना पॉझिटिव्ह नोड सापडले, ज्यांचे रुटीनने काढले नाहीत त्यांच्यात ३ टक्क्यांना, म्हणजे माहिती भरपूर मिळाली, पण जगण्यात फरक पडला नाही. मग २००९ मध्ये अ‍ॅस्टेक नावाची १४०८ जणींची चाचणी आली, पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण एका गटात ८१ टक्के, दुसऱ्यात ८०. जवळजवळ सारखंच.

यावर काही सर्जन म्हणाले की त्या चाचण्यांत वरचे, महाधमनीजवळचे नोड नीट काढलेच नव्हते आणि कमी धोक्याच्या बायका खूप होत्या. जपानमधल्या ६७१ जणींच्या सेपल अभ्यासात (२०१०) खालचे आणि वरचे दोन्ही काढले तर मध्यम आणि जास्त धोक्याच्या जणींना फायदा दिसला होता. पण तो जुन्या नोंदी बघून केलेला अभ्यास होता, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, आणि दोन्ही गटांना केमो-किरणं सारखी मिळाली नव्हती. माझं मत विचाराल तर, नॉर्मल दिसणारे सगळे नोड "असू दे, काढून टाका" म्हणून काढू नयेत. नोड काढल्याने पाय सुजू शकतात, आणि पाय आयुष्यभर लागतात. (पायांचं १६ मध्ये.)

सुजलेला, मोठा, हाताला कडक लागणारा नोड मात्र काढायचाच, त्याला हे लागू नाही.

६. आमच्या मावशीचे पंधरा वर्षांपूर्वी पंचवीस नोड काढले होते, आईचे फक्त तीनच काढणार म्हणतात. कमी काढून काही राहून जाणार नाही का?

पद्धत बदललीय. आता बऱ्याच ठिकाणी सेंटिनल नोड काढतात. सेंटिनल म्हणजे पहारेकरी, पिशवीतून निघालेली लसीका ज्या नोडला सगळ्यात आधी भेटते तो. कॅन्सर बाहेर पडला असेल तर तो बहुतेक वेळा आधी इथेच थांबलेला असतो, त्यामुळे पहारेकरी साफ असेल तर मागचे पण साफ असण्याची खात्री खूप मोठी.

किती मोठी? २०१७ मध्ये छापलेल्या फायर्स अभ्यासात सेंटिनल काढून झाल्यावर बाकीचे नोडसुद्धा काढून तपासले, म्हणजे पहारेकऱ्याची परीक्षाच घेतली. ज्यांचा सेंटिनल सापडला होता आणि नोडमध्ये कॅन्सर होता अशा ३६ जणी निघाल्या, त्यातल्या ३५ जणींचा कॅन्सर सेंटिनलनेच पकडला. एकीचा सुटला. सेंटिनल साफ असेल तर बाकीचेही साफ असण्याची शक्यता ९९.६ टक्के आली. आणि तीन नोड आहेत म्हणून तपासणी कमी होते असंही नाही, उलट त्या तिघांची तपासणी पंचवीस नोडच्या तपासणीपेक्षा बारीक होते (१३ बघा).

७. ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? डाय कुठे टोचतात?

भूल दिल्यावर, पोटात दुर्बीण घालायच्या सुमारास सेंटिनल शोधायला पिशवीच्या तोंडात डायचं, म्हणजे रंगाचं, इंजेक्शन देतात. घड्याळ डोळ्यासमोर आणलं तर ३ आणि ९ वाजण्याच्या जागी, थोडं वरवर आणि थोडं एक सेंटीमीटर आत. आता बहुतेक आयसीजी नावाची डाय वापरतात, ती हिरवी असते, आणि दुर्बिणीचा खास इन्फ्रारेड कॅमेरा चालू केला की ती चमकते. आधी निळी डाय असायची. २०१८ मध्ये या दोघींची तुलना झाली तेव्हा सापडलेल्या सेंटिनल नोड्सपैकी ९७ टक्के आयसीजीने दाखवले, निळ्या डायने ४७ टक्के.

आम्हाला आत काय दिसतं ते पण विचारतात लोक, म्हणून सांगते. पडद्यावर सगळं करडं होतं आणि पिशवीच्या कडेतून एक बारीक हिरवी रेघ निघते, एका रक्तवाहिनीवरून पलीकडे जाते, आणि मोठ्या रक्तवाहिनीच्या बगलेत एका ठिपक्यात जाऊन साठते. तो ठिपका म्हणजे सेंटिनल. रेघेचा माग काढत काढत जायचं, मधे घाई केली आणि नळी फुटली की डाय सगळीकडे सांडते आणि मग पूर्ण बाजू हिरवीगार, काही कळत नाही. दोन्ही बाजूंना हे वेगवेगळं करावं लागतं, कारण उजवीकडचा नोड डावीकडची खबर देत नाही.

८. डायची अ‍ॅलर्जी होते का? आईला आयोडीन चालत नाही.

हे आधीच सांगा, भूलवाल्या डॉक्टरांनाही सांगा. आयसीजीच्या पावडरमध्ये थोडं आयोडाइड असतं, त्यामुळे आयोडीनची खरी अ‍ॅलर्जी झालेली असेल तर बऱ्याच ठिकाणी दुसरी डाय घेतात. थायरॉइड जास्त काम करत असेल तर तेही सांगा. निळ्या डायने क्वचित पण जोरात अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून टीम तयारीत असते. निळी डाय दिली असेल तर एक-दोन दिवस लघवी हिरवी-निळी होते, चेहरा थोडा निळसर वाटू शकतो, आणि बोटाला लावलेलं ऑक्सिजनचं मशीन थोडा वेळ खोटा कमी आकडा दाखवतं. वॉर्डात हे बघून नातेवाईक हादरतात, पण ते आपोआप जातं.

९. रिपोर्टमध्ये लिहिलंय डावीकडे "मॅपिंग फेल". मग काय? आणि "एम्प्टी नोड" म्हणजे?

मॅपिंग फेल म्हणजे त्या बाजूला डाय पोचली नाही. हे होतं, आणि त्यात कुणाची चूक असतेच असं नाही. फायर्समध्ये निदान एका बाजूला डाय पोचली अशा ८६ टक्के होत्या, पण दोन्ही बाजूंना नीट पोचली अशा ५२ टक्केच. वजन जास्त असेल, किंवा नोड कॅन्सरने आधीच गच्च भरला असेल तर डाय आत शिरत नाही. सर्जनचा हात किती बसलाय त्यावरही अवलंबून असतं.

नियम असा की आधी त्या बाजूला परत इंजेक्शन देऊन बघायचं. तरी नाही दिसलं तर फक्त त्याच बाजूचे नोड नेहमीच्या पद्धतीने काढायचे, दुसरी बाजू सोडून द्यायची. आणि डाय गेली असो वा नसो, डोळ्याला संशयास्पद दिसणारा नोड काढायचाच. ही पायऱ्यांची पद्धत पूर्ण पाळली तरच वरचे सगळे चांगले आकडे लागू होतात. खूपच कमी धोक्याचा ट्यूमर असेल तर काही सर्जन ती बाजू तशीच सोडतात, तोही निर्णय चालू शकतो, पण आधी बोलणं झालेलं असावं.

एम्प्टी नोड म्हणजे सर्जनने सेंटिनल म्हणून जे पाठवलं त्यात पॅथॉलॉजिस्टला फक्त चरबी आणि नळ्या सापडल्या, नोड नाहीच. त्या बाजूचं मॅपिंग फेल गेलं असंच धरायचं. "नोड निगेटिव्ह" आणि "नोड सापडला नाही" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, रिपोर्ट घेताना ही ओळ बघाच.

१०. वरचे, महाधमनीजवळचे नोड पण काढायला हवेत का?

सगळ्यांना नाही. खालचे साफ आणि फक्त वरचे पॉझिटिव्ह, असं शंभरात एक ते तीन जणींमध्येच होतं. पिशवीच्या तोंडात टोचलेली डाय वरपर्यंत फारशी जातही नाही, हा या पद्धतीचा एक कच्चा दुवा आहे आणि तो मान्य करायला हवा. खालचा नोड पॉझिटिव्ह निघाला, स्कॅनमध्ये वर काही दिसलं, किंवा ट्यूमर जास्त धोक्याचा असेल तर वरच्या भागाचा विचार होतो. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि आतडी असतात, ऑपरेशन लांबतं, म्हणून कारण असेल तरच.

११. ग्रेड १ आहे, भिंतीत गेलेलाच नाही म्हणतात. तरी नोड काढायचे?

इथे डॉक्टरांमध्येही मतं वेगळी आहेत आणि दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सर्जन्सनी एक गट ठरवला होता: एन्डोमेट्रिऑइड (म्हणजे सगळ्यात नेहमीचा) प्रकार, ग्रेड १ किंवा २, भिंतीत अर्ध्यापेक्षा कमी खोल, आणि ट्यूमर २ सेंटीमीटर किंवा लहान. यांच्यात नोडमध्ये कॅन्सर जवळजवळ सापडतच नाही, त्यामुळे नोड न काढलेले चालतात. युरोपच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की कमी धोक्याच्या जणींचे सगळे नोड काढू नका, सेंटिनलचा विचार करता येईल, आणि भिंतीत शिरलेलाच नसेल तर तोही सोडता येईल.

मग सेंटिनल करा म्हणणारे काय म्हणतात? क्युरेटिंगचा रिपोर्ट ग्रेड १ सांगतो आणि पिशवी काढल्यावर ग्रेड २ किंवा ३ निघतो, असं होतं. एमआरआयमध्ये वरवर वाटलेला खोल निघतो, असंही होतं. आणि पिशवी एकदा काढली की सेंटिनल शोधायची संधी गेली, ती परत येत नाही (१९ बघा). सेंटिनलला वेळ थोडा जास्त लागतो आणि त्रास कमी, म्हणून मी स्वतः बहुतेक जणींना सुचवते, पण कुणी नको म्हटलं तर आग्रह धरत नाही. सेंटिनल केल्याने खरंच फायदा होतो की नुसती पिशवी काढणं पुरतं, नेमका हाच प्रश्न घेऊन ऑस्ट्रेलियात एन्डो-३ नावाची चाचणी सुरू झाली. म्हणजे तुमची शंका काही वेडगळ नाही.

१२. रिपोर्टमध्ये "सीरस" लिहिलंय, ग्रेड ३. यात पण सेंटिनल पुरतं का, की सगळेच काढावेत?

सीरस, क्लियर सेल, कार्सिनोसार्कोमा आणि ग्रेड ३ हे जास्त धोक्याचे. पूर्वी यांत सगळे नोड काढायचेच. मग कॅनडातल्या सेंटोर अभ्यासात (२०२१) मध्यम आणि जास्त ग्रेडच्या १५६ जणींमध्ये परत परीक्षा घेतली: २७ जणींचे नोड पॉझिटिव्ह होते, सेंटिनलच्या पद्धतीने २६ पकडले. स्वीडनमधल्या श्रेक अभ्यासातही तसंच आलं. म्हणून आता अनेक सेंटरमध्ये इथेही सेंटिनल चालतं, पण अट एकच, मॅपिंग दोन्ही बाजूंना नीट झालेलं हवं, आणि नाही झालं तर त्या बाजूचे नोड काढायचे, इथे सूट नाही. शिवाय सीरस आणि कार्सिनोसार्कोमामध्ये पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडाही तपासतात, कारण हे प्रकार नोडला वळसा घालून पोटात पसरू शकतात.

१३. नोडचा रिपोर्ट यायला एवढे दिवस का? आणि त्यात "आयसोलेटेड ट्यूमर सेल्स" लिहिलंय, स्टेज ३ झाली का?

उशीर होतो तो बहुतेक चांगल्या कारणासाठी. साधा नोड उभा चिरतात आणि एक-दोन काप मायक्रोस्कोपखाली बघतात. सेंटिनलचं अल्ट्रास्टेजिंग करतात, म्हणजे एका नोडचे वेगवेगळ्या खोलीवर कितीतरी पातळ काप काढतात, आणि केराटिनचा खास रंग लावून एकेक पेशी शोधतात. लॅबमध्ये एकदा शेजारी बसून बघितलं तर कळतं, निळसर पेशींच्या गर्दीत तीन-चार तपकिरी ठिपके, बस्स, आणि तेवढ्यासाठी माणूस अर्धा तास डोळे लावून बसलेला असतो.

सापडलेल्याची मापं अशी. २ मिलीमीटरपेक्षा मोठा पुंजका म्हणजे मॅक्रो. ०.२ ते २ मिलीमीटर म्हणजे मायक्रो. ०.२ किंवा त्याहून छोटा, किंवा दोनशेपर्यंतच पेशी, म्हणजे आयसोलेटेड ट्यूमर सेल्स. पहिले दोन स्टेज ३ सी मध्ये मोजतात. तिसऱ्याने स्टेज वाढत नाही, नोड निगेटिव्हच धरतात, फक्त बाजूला "आय प्लस" अशी खूण करतात. नुसत्या या पेशी दिसल्या म्हणून सहसा केमो देत नाहीत, बाकीचे मुद्दे बघून ठरतं. म्हणून कुणी "नोडमध्ये आलंय" एवढंच सांगितलं तर पुढचा प्रश्न "किती मिलीमीटर?" हाच विचारा.

१४. सेंटिनल पॉझिटिव्ह आला. आता परत पोट उघडून बाकीचे काढणार?

बहुतेक वेळा नाही. जी माहिती हवी होती ती मिळाली. युरोपच्या सूचनाही सांगतात की पॉझिटिव्ह सेंटिनलनंतर ओटीपोटातले बाकीचे नोड सरसकट काढू नका. पोट-छातीचा स्कॅन करून मोठा नोड कुठे राहिलाय का, वर काही आहे का ते बघतात, आणि मग केमो, किरणं किंवा दोन्ही. स्कॅनमध्ये मोठा नोड दिसला तर त्याचा वेगळा विचार. स्टेज ३ सी ऐकून पायाखालची जमीन सरकते हे मला माहीत आहे, पण छोट्या नोडमध्ये सापडलेला आणि पूर्ण उपचार घेतलेला कॅन्सर बरा होऊ शकतो, या आशेनेच तो उपचार देतात.

१५. जीनची टेस्ट केली तर नोड काढायची गरज संपते का?

अजून तरी नाही, पण दोन्ही एकमेकांना मदत करतात. २०१३ मध्ये अस्तराच्या कॅन्सरचे चार जीन-गट समोर आले. पोल-ई नावाच्या जीनमध्ये बदल असलेला गट फार चांगला वागतो, स्टेज १-२ असेल तर पुढचे उपचार बहुतेक टाळता येतात. पी५३ नावाचा जीन बिघडलेला गट आक्रमक. तिसऱ्या गटात एमएमआर, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारं, प्रोटीन गायब असतं, आणि चौथ्यात यातलं काहीच नाही. क्युरेटिंगच्या तुकड्यावरही ही टेस्ट होऊ शकते, म्हणजे ऑपरेशनच्या आधी कळू शकतं, आणि पी५३ बिघडलेला निघाला तर नोडकडे जास्त काळजीने बघतात. एमएमआर गायब असेल तर लिंच सिंड्रोम (घराण्यात चालणारा जीनचा दोष) आहे का हे तपासायला सांगा, त्यात आतड्याच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, आणि ते तुमच्या बहिणींच्या, मुलांच्या कामाचं आहे.

१६. पाय सुजतात म्हणे. कधी, किती, कायमचे?

याला लिम्फेडीमा म्हणतात. नोड काढले की लसीकेची वाट अडते आणि पाणी पायात, मांडीत, कधी ओटीपोटाच्या खालच्या भागात साठतं. जेवढे जास्त नोड काढले तेवढा धोका जास्त, वरून किरणं दिली तर आणखी. सेंटिनलमध्ये तो खूप कमी होतो, शून्य होत नाही.

फसवणारी गोष्ट अशी की ही सूज लगेच येत नाही. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येते, तोपर्यंत पेशंट ऑपरेशन विसरलेली असते आणि वय झालं, गुडघे दुखतात म्हणून सोडून देते. पहिली खूण बहुतेक वेळा सूज नसतेच. एक पाय जड वाटतो, संध्याकाळी एका पायावर मोज्याचा वळ उठतो आणि दुसऱ्यावर नाही, किंवा एकाच पायाची चप्पल घट्ट व्हायला लागते. इथे पकडलं तर खूप काही करता येतं: मापाने घेतलेले प्रेशरचे मोजे, लिम्फेडीमा शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून हलका मसाज, रोजचं चालणं. चालल्याने वाढते हा गैरसमज आहे. त्वचा जपा, भेगा पडू देऊ नका, नखं कापताना सांभाळा, जखम झाली तर लगेच धुवा.

दोन गोष्टींत थांबायचं नाही. पाय लाल, गरम झाला आणि ताप आला तर ते इन्फेक्शन, त्याच दिवशी डॉक्टर. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत एक पोटरी अचानक सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर रक्ताची गुठळी असू शकते, ती लिम्फेडीमा समजून घरी मालिश करत बसू नका, तडक हॉस्पिटल.

१७. आजी ७८ वर्षांच्या, शुगर, वजन जास्त, हृदयाचा त्रास. भूलवाले म्हणतात ऑपरेशन आटोपतं घ्या. नोड सोडले तर चालेल?

चालू शकतं. आधी हे विचारा की नोड पॉझिटिव्ह निघाला तर आजी केमो घेऊ शकणार आहेत का, घेणार आहेत का? उत्तर नाही असेल तर त्या माहितीचा उपयोग फार थोडा राहतो, आणि पिशवी व बीजांडकोश काढून ऑपरेशन लवकर संपवणं हाच शहाणपणा. त्याला अर्धवट ऑपरेशन म्हणू नका, तसा अपराधीपणा मुलांनी मनात ठेवू नये.

१८. मूल हवंय. पिशवी ठेवून उपचार करणार आहेत, मग नोड?

हा मार्ग फक्त ग्रेड १, एमआरआयवर भिंतीत न शिरलेला आणि बाहेर काही न दिसणारा असेल तरच देतात. यात प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी आययूडी असते, आणि नोडला हात लावत नाहीत, स्कॅनवरच भरवसा ठेवतात. म्हणून ठरलेल्या तारखांना परत क्युरेटिंग आणि एमआरआय चुकवायचं नाही. बाळ झाल्यावर पिशवी काढायचा सल्ला देतात, तेव्हा नोडचा प्रश्न परत निघेल.

१९. बहिणीची पिशवी दुसऱ्याच कारणासाठी काढली, कॅन्सर आहे हे माहीतच नव्हतं, रिपोर्टमध्ये निघाला. आता नोडचं काय?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. सेंटिनल शोधायला डाय पिशवीच्या तोंडात टोचावी लागते, आणि ते तोंडच पिशवीबरोबर गेलेलं असतं. म्हणजे आता नोड तपासायचे तर नेहमीच्या पद्धतीने, दुसरं ऑपरेशन करून.

पण घाई करू नका. आधी जुन्या ऑपरेशनच्या स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, नुसता कागदी रिपोर्ट नको, आणि या कॅन्सरचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडून परत बघून घ्या. ग्रेड, किती खोल, नळ्यांमध्ये पेशी आहेत का (रिपोर्टमध्ये एलव्हीएसआय लिहितात), आणि जीन-गट. मग स्कॅन. कमी धोक्याचा निघाला तर काहीच न करता फॉलो-अप पुरतो, आणि असं बऱ्याच जणींचं होतं. जास्त धोक्याचा निघाला तर दोन रस्ते: नोड आणि राहिले असतील तर बीजांडकोश काढायला परत ऑपरेशन, किंवा नोड न तपासता मिळालेल्या माहितीवरच किरणं-केमो ठरवणं. कुठला रस्ता हे विचारताना प्रश्न असा मांडा: "नोडचा निकाल काहीही आला तरी तुम्ही केमो देणारच आहात का?" हो म्हणाले तर दुसरं ऑपरेशन कशासाठी हे त्यांनी समजावून सांगायला हवं.

२०. ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, जांघेत हाताला गाठ लागतेय. परत आला का?

जांघेतले नोड वेगळे असतात, या ऑपरेशनमध्ये ते काढतच नाहीत, त्यामुळे "एक राहून गेला" असं नसतं. पायाला जखम, भेग, इन्फेक्शन झालं की ते फुगतात. पाय, तळवे, बोटांच्या मधली जागा उजेडात नीट बघा. पण कॅन्सर होऊन गेलेल्या बाईने अंदाजावर राहू नये. नोड कडक असेल, वाढत असेल, किंवा सोबत अंगावरून लाल जात असेल तर फॉलो-अपच्या तारखेची वाट न बघता दाखवा, नाहीतर जास्तीत जास्त दोन आठवडे थांबा. सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईने घेतलेला नमुना, एवढ्यात कळतं.